शाहूपुरीत कॅसेटी पेनड्राइव्हवर उतरवून देणारं दुकान: काम एक नंबर, पण एक गोष्ट आधीच सांगून ठेवा

दुकानाचं नाव लिहीत नाही. मालकानंच सांगितलंय, "काकी, नाव तेवढं टाकू नका. दिवाळीपर्यंतचं काम पडलंय, त्यात आणि फोन नकोत." तर कोल्हापुरात शाहूपुरीत, व्यापारी पेठेकडून आत वळलं की एका फ्लेक्सवाल्याच्या शेजारी जिना लागतो. त्या जिन्याखालची जागा म्हणजे दुकान. बाहेर बोर्ड मोबाईल रिपेअरिंगचा आहे, त्यामुळं पहिल्यांदा मी पुढं निघून गेले. आत दोन व्हीसीआर, एक जुना डेक, एक कॉम्प्युटर आणि गिऱ्हाइकाला एकच स्टूल. मालक चाळिशीचा असेल. त्याचे वडील टीव्ही मेकॅनिक होते, मशीन सगळी त्यांच्या काळातली. जपानच्या फुनाई कंपनीनं 2016 च्या जुलैत शेवटचा व्हीसीआर काढला. त्यानंतर नवीन मशीन मिळणं बंदच झालं, म्हणून हा भंगारातले व्हीसीआर घेऊन त्यांचे पार्ट काढून ठेवतो. स्टुलाखाली असे पाच-सहा सांगाडे आहेत, पाय कुठं ठेवायचा ते बघूनच बसावं लागतं.

दर असे: व्हीएचएस, म्हणजे व्हिडिओ कॅसेट, तासाला दीडशे, ऑडिओ कॅसेट सरसकट शंभर, व्हीसीडी-डीव्हीडी चरे किती पडलेत ते बघून. पेनड्राइव्ह आपला आपण न्यायचा. बुरशी आलेली कॅसेट असेल तर साफसफाईचे वेगळे पैसे, आणि ते मागताना तो अजिबात लाजत नाही. बरोबरच आहे. त्यात काय मेहनत असते ते मला ठाऊक आहे, कारण मंगळवार पेठेत आमची स्वतःची व्हिडिओ लायब्ररी होती. मी काउंटरला आणि आमचे हे लग्नाच्या शूटिंगला. लायब्ररी बंद झाल्यावर उरलेला माल दोन ट्रंकांत भरून जाऊबाईंच्या शुक्रवार पेठेतल्या घरी माळ्यावर टाकला होता. 2019 च्या महापुरात पाणी माळ्यापर्यंत पोचलं नाही, पण ओल पोचली. ह्यांचं म्हणणं, "टाकून दे की आता ते सगळं, कोण बघतंय." मी रिक्षा केली आणि ट्रंका शाहूपुरीला नेल्या.

आधी काम सांगते, कारण काम बघण्यासारखं आहे. बुरशीची कॅसेट आली की तो ती मशीनमध्ये घालतच नाही. खिडकीतून टेपच्या गुंडाळीवर पांढरी भुकटी दिसते, ती व्हीसीआरच्या हेडला लागली की पुढच्या गिऱ्हाइकाच्या चांगल्या कॅसेटचीही वाट लागते. खालचे पाच स्क्रू काढून तो कवच उघडतो. दोन्ही चाकं उचलून दुसऱ्या स्वच्छ कवचात बसवतो. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या मऊ फडक्याच्या चिमटीतून टेप हातानं फिरवत फिरवत पुसतो. तीन तासांची टेप, घाई केली की सुरकुती पडते. पडली की त्या जागी चित्रात कायमची रेघ. पुसून झाल्यावर एकदा पुढं, एकदा मागं नुसती पळवतो, आणि मग कुठं पिवळी-पांढरी-लाल पिन लावून कॉम्प्युटरवर घ्यायला सुरुवात. इथं फास्ट काही होत नाही. तीन तासांची कॅसेट घ्यायला तीन तासच लागतात, आणि ट्रॅकिंग, म्हणजे चित्र स्थिर ठेवणारी जुळणी, हललं तर शेजारी बसून चाक फिरवावं लागतं. आमच्या वेळी एवढी सेवा कुणी केली नसती. कॅसेट अडकली की आम्ही सरळ कात्री आणि सेलोटेप घ्यायचो.

चित्र छान आलंय. लायब्ररीत नवीन असताना दिसायचं तितकं. ह्यांनी खासबाग मैदानात शूट केलेली कुस्ती तर अशी आलीय की हौद्यातली लाल माती ओळखू येते, आणि मागं गॅलरीत बसलेली पागोट्याची माणसंही. ऑडिओ कॅसेटींत मात्र तक्रार आहे. सासऱ्यांच्या भजनी मंडळाच्या दोन कॅसेटींचा आवाज फार बारीक आलाय, स्पीकर पूर्ण वाढवला तरी पेटीच ऐकू येते. सांगितल्यावर परत करून देतो म्हणाला, अजून मिळायच्यात. फाईलींना नावं तो नंबरची देतो, तुम्ही कॅसेटवर लेबल लावून दिलं असलं तरीही. घरी बसून एकेक उघडून नावं मीच घातली. आणि वेळ! "पुढच्या आठवड्यात" म्हणजे कोणत्या महिन्यातल्या, ते विचारून घ्या. पावती वहीच्या पानावर मिळते. ती जपून ठेवा, त्यावर किती कॅसेट दिल्या तो आकडा असतो.

आता ज्यासाठी मी हे लिहायला बसले ते. ह्या माणसाचा एक नियम आहे. तुम्ही आणलेली कॅसेट किंवा डिस्क तो तुमच्या पेनड्राइव्हवर घेऊन देतो, एकदा. त्याच्याकडं आलेल्या दुसऱ्याच्या सिनेमाची कॉपी तुम्हाला देत नाही, तुमची दुसऱ्याला देत नाही. मी स्टुलावर बसले असताना एक पोरगा आला.

"भावा, त्यो नवीन पिक्चर हाय का? टाक की ह्यात."

"ते काम न्हाई हितं."

"सगळ्यांच्या मोबाईलवर आलाय की!"

"मग मोबाईलवरच बघ की."

पोरगा गेला. मला हसू आलं, कारण आमच्या काउंटरवर हेच बोलणं कॅसेटच्या भाषेत मी ऐकलंय. आमच्या लायब्ररीत ओरिजिनलही होत्या आणि मारलेल्याही होत्या. गल्लोगल्ली तसंच होतं, लपवायचं काय त्यात. 1984 ला कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि व्हिडिओ कॅसेटवर सेन्सॉरचं सर्टिफिकेट, हक्कदाराचं नाव-पत्ता आणि परवानगी घेतल्याचं लिहिणं बंधनकारक झालं. पोलीस आले की ते लेबल बघायचे. पण त्या भीतीनं कॉपी थांबल्या असं मी तरी बघितलं नाही. थांबल्या त्या किमतीमुळं. 2007 ला मोझर बेअर कंपनीनं सिनेमाची व्हीसीडी 28 रुपयांना आणि डीव्हीडी 34 ला आणली. फुटपाथवरच्या कॉपीचा आणि खोक्यातल्या ओरिजिनलचा भाव जवळपास एक झाला, आणि लोक आपणहून ओरिजिनल घ्यायला लागले. घरात सिनेमांची रांग लावायचा नाद लागला कोल्हापूरकरांना. आमची लायब्ररी त्यातच मेली, भाड्यानं कोण नेणार! पण मला राग नाही आला. माणसाला परवडेल अशी, हातात धरता येईल अशी वस्तू मिळाली तर तो चोरी करायला जात नाही, हे मी गल्ल्यावर बसून बघितलेलं आहे.

त्या पोराला दिला नाही ते बरोबरच केलं. ज्या आठवड्यात पिक्चर थिएटरला लागलाय त्याच आठवड्यात तो फोनवर फिरवणं ह्याला माझ्याकडं कसलीच सबब नाही. आमच्या गल्लीतला एक जण मोरेवाडीच्या चित्रनगरीत लाईटच्या कामाला जातो. पिक्चर बुडाला की स्टारचे पैसे आधीच पोचलेले असतात, लटकतं ते ह्याचं पेमेंट. थिएटरमध्ये मोबाईल धरून रेकॉर्ड करणाऱ्याला सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या 2023 च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी तीन महिने आणि जास्तीत जास्त तीन वर्षं कैद आहे. दंड तीन लाखांपासून सुरू होतो आणि निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत जातो. असू दे.

पण दुसऱ्या बाजूला जे चाललंय त्याचीही चीड येते. माझ्या मुलानं पुण्यात एका ॲपवर पुरते पैसे भरून सिनेमे घेतले होते, भाड्यानं नव्हे. ॲपवाल्यानं ती सोय बंद केली, सिनेमे गेले. त्याला विचारलं पैसे परत मिळाले का, तर म्हणाला अटींमध्ये लिहिलंय. आणि हे एकट्याचं रडगाणं नाही. 2009 च्या जुलैत ॲमेझॉननं लोकांनी विकत घेतलेली जॉर्ज ऑरवेलची '1984' ही कादंबरी त्यांच्या किंडलमधून, म्हणजे पुस्तकं वाचायच्या मशीनमधून, परस्पर काढून घेतली. विकणाऱ्याकडं हक्कच नव्हते म्हणून. पैसे परत केले, पुढं माफीही मागितली. आणि पुस्तक कुठलं, तर लोकांवर पाळत ठेवून जुनं लिहिलेलं पुसून टाकणाऱ्या सरकारचं. दुसरं सापडलं नाही! मग 26 फेब्रुवारी 2025 पासून किंडलचं पुस्तक कॉम्प्युटरवर उतरवून वायरनं मशीनमध्ये टाकायची सोयही त्यांनी बंद केली. अमेरिकेत कॅलिफोर्नियानं तर 2025 पासून कायदाच केलाय, की तुम्ही गिऱ्हाइकाला नुसता वापराचा परवाना देत असाल तर विकताना तसं स्पष्ट सांगा. आपल्याकडं अजून पैसे घेताना दाखवतात एक, आणि अटींत लिहितात दुसरं.

महिन्याचे पैसे भरून बघायच्या ॲपवर माझा राग नाही. आम्हीही भाड्यानंच द्यायचो, भाडं म्हणजे भाडं. सिनेमा आज आहे, उद्या करार संपला की नाही, हे समजून भरतो आपण. पण विकलेली कॅसेट परत मागायला आम्ही कधी कुणाच्या दारात गेलो नाही.

म्हणून माझ्या पैशानं घेतलेल्या व्हीसीडी मी इथं बिनदिक्कत उतरवून घेतल्या. एकेका सिनेमाच्या दोन-तीन डिस्क, कारण एका व्हीसीडीत तास-सव्वातासाच्या वर मावतच नाही. काही डिस्कची चंदेरी पापुद्र्यासारखी निघायला लागलीय. कॉपीराइट कायद्याच्या 52 व्या कलमात खासगी वापरासाठीच्या उचित वापराला मुभा आहे, आणि वस्तू माझी, पेनड्राइव्ह माझा, बघणार मी. दुकानदाराचा 'एकदाच, आणणाऱ्यालाच' हा नियम मला म्हणूनच पटतो. त्यानं तो कायदा वाचून केलेला नाही. "बापाची शिकवण," एवढंच म्हणाला.

आता माझी आणि ह्यांची जुंपली ती एका कॅसेटवरून. ट्रंकेत ऐंशीच्या दशकातला एक मराठी सिनेमा निघाला. नाव नको, कारण नाव लिहिलं की मागणारे येतील. तो कुठल्याच ॲपवर नाही, त्याची डीव्हीडी आली नाही, टीव्हीवर लागत नाही. कॅसेट काढणारी कंपनी उठून गेली. आमच्या प्रतीत खालून सारख्या साडीच्या आणि मसाल्याच्या जाहिराती सरकतात, तेव्हाच्या कॅसेटींत असायच्या तशा. माझ्या ओळखीच्या एका बाईंना तो हवा आहे, त्यांच्या वडिलांनी त्यात छोटं काम केलं होतं. दुकानदार नियमाप्रमाणं नाही म्हणाला. हे म्हणाले, "कायदा तो कायदा." सिनेमाचा हक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षं असतो, म्हणजे हा 2040 नंतर मोकळा होणार. तोपर्यंत त्या बाई नव्वदीच्या होतील. मी त्यांना घरी कॉपी करून दिली. उद्या तो कुठं पैसे देऊन मिळायला लागला तर पहिलं तिकीट मी काढीन आणि त्यांनाही काढायला लावीन.

हे मी भावनेच्या भरात बोलत नाही. आपल्या गावाला ह्याचा अनुभव आहे. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी इथलीच. 'सैरंध्री' 1920 ची. त्या कंपनीचे मूकपट कुठं बघायला मिळतात ते शोधून बघा, बहुतेक सगळे गेले. नायट्रेटची फिल्म पटकन पेटायची, आणि जुनी रिळं चांदी काढायला विकली जायची. गांधीजींच्या खुनानंतर 1948 ला जयप्रभा स्टुडिओ जाळला. 'प्रभात' फिल्म कंपनी 1929 ला कोल्हापुरात निघाली आणि 1933 ला पुण्याला गेली. त्यामधल्या 1932 साली इथं केलेला 'अयोध्येचा राजा' आपण आज बघू शकतो, तो कुणीतरी प्रत जपली म्हणून. त्याची साठ वर्षं तर कधीच संपली, पण हक्क संपले म्हणून रीळ आपोआप परत येत नाही. 2003 च्या जानेवारीत पुण्यात फिल्म संग्रहालयाच्या नायट्रेट रिळांना आग लागली. त्यात 'प्रभात'ची रिळंही होती. आधी प्रती काढून ठेवल्या होत्या म्हणून पुष्कळ वाचलं. हे सरकारी संग्रहालयाचं झालं. ज्या सिनेमांना संग्रहालय नाही, वारस नाही, कंपनी नाही, त्यांचं सगळं भवितव्य शुक्रवार पेठेतल्या माळ्यांवर अवलंबून आहे.

एवढं कौतुक करून झाल्यावर दुकानाची मोठी खोट सांगते. घेतलेल्या सगळ्या फाईली तो स्वतःच्या हार्ड डिस्कवर ठेवून देतो. "काकी, तुमचा पेनड्राइव्ह बिघडला तर परत मिळेल की." हेतू चांगला. पण दुसऱ्या खेपेला गेले तर तो म्हणतो, "तुमच्या ट्रंकेतल्या लग्नांतल्या वराती लई भारी आहेत. महाद्वार रोडवरनं बग्गी, बँडवाले, ते जुने बोर्ड. जुनं कोल्हापूर म्हणून रील टाकू का? नाद खुळा चालतील बघा."

ती लग्नं आमची नाहीत. ह्यांनी शूट केलेली, पण गिऱ्हाइकांची. काहींनी ॲडव्हान्स देऊन कॅसेट नेलीच नाही, काहींच्या मास्टर कॉपी आमच्याकडं राहिल्या. मी त्याला म्हटलं, हक्क माझ्याकडं नाही. तो म्हणाला, "काकांनी शूट केलंय म्हटल्यावर तुमचाच की." पुष्कळ फोटोग्राफर असंच समजतात. कॉपीराइट कायद्याचं 17 वं कलम उलटं आहे: मोबदला देऊन कुणी फोटो काढून घेतला किंवा फिल्म करून घेतली, आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक पैसे देणारा. म्हणजे 1994 ला ज्यानं आम्हाला लग्नाची ऑर्डर दिली तो मालक. ऑर्डर देणारा बहुतेक मुलीचा बाप असायचा, ही आणखी वेगळीच गंमत. आणि हक्क बाजूला ठेवा. त्या कॅसेटींत कुणाची तेव्हाची बायको आहे, कुणाची नंतर गेलेली सून आहे, पंगतीत कुणाशी कोण बोलत नव्हतं ते दिसतंय. दहा हजार लोकांनी ते बघून हसावं ह्याला त्यांनी कधी हो म्हटलं?

त्यानं वाद घातला नाही. माझ्यासमोर माझं फोल्डर उडवलं, रिसायकल बिनही रिकामी केली. पण मी नसते म्हटले तर? सिनेमाच्या बाबतीत इतका काटेकोर माणूस, पण लग्नाच्या कॅसेटला मालक असतो हे त्याच्या डोक्यातच नव्हतं. तेव्हा तुम्ही काम द्याल तेव्हा पहिल्याच दिवशी सांगा, घेऊन झालं की हार्ड डिस्कवरनं काढायचं. आणि काढताना समोर बसा.

आणखी एक, नेटवर टाकायचं ठरवलंत तरी अडचण येणारच. आमच्या सगळ्या लग्नांवर मिक्सिंगच्या वेळी सिनेमाची गाणी घातलेली आहेत. वरातीत गाणं वाजवायला कायद्यानं सूट आहे, लग्नाच्या समारंभाचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. पण त्या गाण्यासकट व्हिडिओ वर चढवला की मशीन ओळखतं आणि आवाज बंद करतं. आमच्या पुतणीनं स्वतःच्या आईवडिलांचं लग्न टाकून बघितलं, वाजंत्री आहे पण मुकी.

एकूण, घरची कॅसेट असेल तर डोळे मिटून न्या. मी पाचपैकी चार देते. एक कापला तो हार्ड डिस्कसाठी. बारीक आवाजाचा कापणार होते, पण तो परत करून देणार आहे. सोमवारी बंद. दुपारी एक ते चार शटर अर्धं ओढलेलं असतं, पण आत तो कॅसेट लावून बसलेलाच असतो, हाक मारा.

आणि मंगळवार पेठेतल्या आमच्या लायब्ररीकडून नव्वदच्या दशकात ज्यांनी लग्नाचं शूटिंग करून घेतलं असेल त्यांनी घरी या, घर जुनंच आहे. कॅसेट आणि फाईल दोन्ही देऊन टाकते. राहिलेल्या बिलाचं हे विचारतील, त्यांच्याकडं लक्ष देऊ नका.